बाजार भरतो, पण झाडतो कोण?

एरिक रेमंड यांचं ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ हे पुस्तक १९९९ साली आलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाला त्यांनी बाजाराची उपमा दिली आणि कितीतरी स्वयंसेवकांना हुरूप दिला. ते श्रेय त्यांचंच.

पण बघणारे पुष्कळ असले की चूक लपत नाही, हा त्यांचा भरवसा मला पटत नाही. ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ची चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीत आली, उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. कोड सगळ्यांना खुला होता. वापरणारे अगणित, सांभाळणारे मूठभर. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी बघत असेल!

रस संपला तर काम लायक माणसाकडे सोपवा, असं रेमंड सांगतात. बरोबर आहे, पण तसा माणूस मिळालाच नाही तर? डेबियनकडे याचं उत्तर आहे. तिथे थकलेला स्वयंसेवक आपलं पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो. त्याची यादी सगळ्यांना दिसते आणि कोणीही ते दत्तक घेऊ शकतं. सोडून जाण्यात लाज नाही, लपवण्यात धोका आहे. आपल्या गटात ही सोय आहे का, एवढं बघा.