जुना भागधारक, भांडखोर भागधारक: ही विभागणी टिकते का?

कंपन्यांच्या कारभारावरचं संशोधन वाचलंत तर मोठ्या गुंतवणूकदारांचे दोन गट सतत भेटतील. एक, वर्षानुवर्षं शेअर धरून बसणाऱ्या संस्था: विमा कंपन्या, पेन्शन फंड. दुसरे, शेअर घेऊन 'संचालक बदला' म्हणणारे ॲक्टिव्हिस्ट. पहिले संयमी, दुसरे उतावळे, हे बहुतेक वेळा गृहीतच असतं. माझा आक्षेप या गृहीतकावर आहे.

मुंबईच्या झी एंटरटेनमेंटचं उदाहरण घ्या. सप्टेंबर 2021 मध्ये इन्व्हेस्कोच्या फंडांनी एमडी पुनीत गोएंका यांना संचालकपदावरून हटवण्यासाठी विशेष सभा मागितली. कायद्यानं त्यासाठी 10 टक्के मतं लागतात; यांच्याकडे जवळपास 18 टक्के होती, तर प्रवर्तक कुटुंबाकडे जेमतेम 4. म्हणजे इन्व्हेस्को ॲक्टिव्हिस्ट? पण 2019 च्या आधीच तिच्याकडे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास शेअर होते. प्रवर्तक कर्जात अडकले तेव्हा तिनंच 4,224 कोटी रुपये मोजून आणखी 11 टक्के घेतले. आता हिला कुठल्या रकान्यात टाकायचं?

पुढचं तर आणखी अवघड. झीनं सभा घ्यायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल इन्व्हेस्कोच्या बाजूनं लागला, आणि लगेच तिनं मागणी मागे घेतली. सोनीबरोबरचं विलीनीकरण होऊ द्या, असं तिचं म्हणणं होतं. नंतर ती शेअर विकून बाहेर पडली. जानेवारी 2024 मध्ये विलीनीकरण फिसकटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत गोएंकांची संचालक म्हणून फेरनेमणूक निम्मी मतं न मिळाल्यानं पडली. इन्व्हेस्को तेव्हा भागधारकही नव्हती!

शेअर किती काळ धरला याला अर्थ नाही असं नाही. पण तो आकडा आपण वापरतो, कारण तो मोजायला सोपा आहे. प्रयोगशाळेतही ही चूक होते: हवं ते मोजता येत नाही, म्हणून जवळचं काहीतरी मोजायचं आणि त्यालाच हवं ते नाव द्यायचं. इथे मोजायचं ते वेगळं आहे. मत दिलं का? कुणाच्या बाजूनं? कारण काय सांगितलं?

आपल्याकडे म्युच्युअल फंडांना हे सगळं वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. वाटूरमध्ये बसून कुणी महिन्याला 500 रुपयांची एसआयपी भरत असेल, तर त्याच्या पैशावरही मुंबईत मत पडतं. तुमच्या फंडानं काय मत दिलं, ते एकदा उघडून बघा. 'दीर्घकालीन' या शब्दात किती दम आहे, ते तिथे कळेल.