इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षा आणि शिरूर-दौंडचा परीक्षार्थी

उच्च शिक्षण, नोकरी वा स्थलांतर यांसाठी परदेशी जाऊ पाहणारा शिरूरचा किंवा दौंडचा तरुण जेव्हा इंग्रजीच्या प्रावीण्यपरीक्षेचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मनात नमुना असतो तो शालान्त परीक्षेचा : नेमलेले पुस्तक, ठरलेली प्रश्नपत्रिका, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. या परीक्षांविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या नमुन्यात आहे. तथापि सारा दोष परीक्षार्थीच्या समजुतीचा नव्हे. काही दोष परीक्षेच्या घडणीतच आहे.

'टोफेल' ही परीक्षा १९६४ पासून, 'आयईएलटीएस' ही तिच्या आजच्या नावाने १९८९ पासून, तर 'पीटीई' २००९ पासून घेतली जाते. यांपैकी दुसरी येथे विशेष परिचयाची. तीत कोणी उत्तीर्ण होत नाही की अनुत्तीर्ण होत नाही. श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चार अंगांना नवापर्यंतच्या श्रेणीत 'बँड' दिला जातो. तो पुरेसा आहे की नाही, हे परीक्षक नव्हे तर विद्यापीठ किंवा परदेशचे सरकार ठरविते.

एकूण बँड म्हणजे चारही अंगांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत आणलेली. एका परीक्षार्थीस श्रवणात ६.५, वाचनात ६.५, लेखनात ५.५ व संभाषणात ६ मिळाले, तर सरासरी ६.१२५ येते आणि निकालपत्रावर ६ उमटतो. दुसऱ्याचे बाकी सारे तेच, फक्त लेखनात ६. त्याची सरासरी ६.२५, आणि नियमानुसार ती ६.५ वर जाते. सहा आणि साडेसहा यांतील अंतर म्हणजे पुष्कळदा प्रवेश आणि नकार यांतील अंतर. ते येथे केवळ एका अंगातील अर्ध्या बँडने पडले. रेषा कोठे तरी ओढावी लागते, हे मान्यच. परंतु तिच्या दोन बाजूंस उभ्या असलेल्यांच्या भाषाज्ञानात तेवढाच भेद आहे, असे मानणे हे मापनशास्त्रास धरून नाही.

याहून गंभीर प्रश्न सप्रमाणतेचा आहे. जे मोजावयाचे तेच मोजले जाते काय? शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या व दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत, किंवा दौंडच्या रेल्वे जंक्शनात काम करणाऱ्याचा इंग्रजीशी संबंध येतो तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून, सुरक्षेच्या सूचनांतून, पाळीच्या नोंदवहीतून. ही इंग्रजी तोकडी असेल, पण ती खरी आहे; तिच्यावर काम चालते. परीक्षेतील दुसरा लेखनप्रश्न मात्र एखाद्या सामाजिक विषयावर किमान २५० शब्दांत स्वतःचे मत साधार मांडावयास सांगतो. हा एक विशिष्ट वाङ्मयप्रकार आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने तो इंग्रजीतच काय, मराठीतही क्वचितच हाताळलेला असतो. शालेय निबंध त्याने बहुधा पाठ केलेला असतो. पाठ केलेले उत्तर येथे परीक्षकाने ओळखले की त्याचे गुण घटतात. असे असूनही शिकवणीवर्ग साचेबंद वाक्ये घोकवून घेतात, हा त्या वर्गांचा मोठाच विनोद म्हणावा लागेल. याउलट वैद्यकीय व्यवसायांसाठीच्या 'ओईटी' परीक्षेत परिचारिकेस रुग्णाविषयीचे पत्र लिहावे लागते. तेथे कसोटी आणि काम एकमेकांजवळ येतात. मापनाची ही दिशा अधिक योग्य आहे.

उच्चारांविषयीही असाच गैरसमज आढळतो. विलायती ढंग कमाविण्याचे कारण नाही. संभाषणाच्या चार निकषांत उच्चार हा एक आहे आणि त्याचा मुख्य रोख सुबोधतेवर आहे. मराठी भाषकाची खरी अडचण टकार-डकारांत नसून आघातात आहे. 'फोटोग्राफ' मधील पहिल्या अवयवावरचा आघात 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर जातो. मराठीत आघात शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे हे स्थलांतर कानास जाणवतच नाही.

भाषेच्या कसोटीने दार लावून घेण्याची प्रथा जुनी आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्याने ५० शब्दांची श्रुतलेखनपरीक्षा आणली. ती कोणत्याही युरोपीय भाषेत घेता येई. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी लेखकास ती स्कॉटिश गेलिकमध्ये देण्यात आली. ती प्रथा १९५८ साली संपली. आजच्या परीक्षा त्या जातीच्या नाहीत, त्यांच्यामागे संशोधन आहे. पण रेषा हलविणारा हात शासनाचाच राहिला आहे. ब्रिटनने कुशल कामगारांच्या परवान्यासाठी नव्या अर्जदारांकडून अपेक्षित इंग्रजीची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून युरोपीय मापनपट्टीवर 'बी१' वरून 'बी२' वर नेली. त्यापूर्वी 'बी१' पुरते यश मिळवून अर्ज करावयाचा राहिलेल्यास आता पुन्हा शुल्क भरून परीक्षेस बसणे प्राप्त आहे. मधल्या काळात त्याच्या इंग्रजीत काहीच उणे झालेले नसते.