मेस्त्री आणि पेंटर : एका उपमेची पारख

बहुविध कर्तृत्वाच्या कलावंताचा गौरव करावयाचा झाला, की त्यास 'आपला लिओनार्दो' म्हणून मोकळे व्हावे, अशी एक सोपी वहिवाट आपल्याकडे पडली आहे. उपमा देणे सोपे, ती पारखून घेणे अवघड. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्याविषयी बोलताना ही उपमा आम्ही स्वतः वर्गात अनेकदा वापरली आहे. सुरतेजवळ चलथाण येथे, साखर कारखान्याच्या व गिरण्यांच्या कामासाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले आमच्यासमोर बसतात. बाबूरावांनी चित्रे काढली, पुतळे घडविले आणि चित्रपटाचा कॅमेराही बनविला, हे ऐकून त्यांपैकी एकाने विचारले, "मग ते चित्रकार होते की मेस्त्री?" मुलाचे वडील फिटर. प्रश्न निरागस होता. परंतु आमच्या उपमेत जे तपासावयाचे राहून गेले होते, त्यावर त्याने नेमके बोट ठेवले.

वस्तुतः 'मेस्त्री' हेच बाबूरावांचे मूळ आडनाव. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रकाम अशा अनेक हस्तकलांत निष्णात होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. खरे शिक्षण झाले ते घरच्या कामठ्यावर. पुढे नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि लोकांनी त्यांना 'पेंटर' केले. मेस्त्रीचा पेंटर झाला, ही जणू बढती झाली, असे आपण सहज मानतो. आमच्या मते येथेच आपली पहिली चूक होते.

लिओनार्दोचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १४५२ साली जन्मलेला हा इटालियन कलावंत फ्लॉरेन्समध्ये व्हेरोक्किओच्या कर्मशाळेत वाढला. त्या कर्मशाळेत चित्रे होत, शिल्पे होत, धातूचे ओतकामही होई. फ्लॉरेन्सच्या प्रधान मंदिराच्या घुमटावर तांब्याचा प्रचंड गोल १४७१ साली चढविण्यात आला, तो तेथेच घडला होता. पुढे मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे आश्रय मागताना लिओनार्दोने पूल, तोफा, युद्धयंत्रे यांविषयीचे आपले ज्ञान क्रमवार सांगितले आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. लॅटिन विद्येत न वाढलेला म्हणून तो स्वतःस 'निरक्षर' म्हणवी. तेव्हा कलावंत असूनही तो यंत्रे करीत होता, हे म्हणणे बरोबर नव्हे. त्याच्या ठायी पाहणे आणि घडविणे या एकाच व्यापाराच्या दोन बाजू होत्या.

ही कसोटी बाबूरावांना लावून पाहू. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रदर्शित झाला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. फाळक्यांनी आपला कॅमेरा लंडनहून आणला होता. कोल्हापूरच्या भावांजवळ तेवढे द्रव्य नव्हते. त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळविला आणि त्याची रचना अभ्यासली. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एका तत्त्वावरची यंत्रे आहेत : फीत भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे, झडप मिटताच एक चौकट पुढे सरकली पाहिजे, आणि हे एका सेकंदात सोळा वेळा तरी बिनचूक घडले पाहिजे. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि त्याच कॅमेऱ्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला.

परंतु केवळ कॅमेरा बनविल्याने कोणी कलावंत ठरत नाही. बाबूरावांची खरी कलादृष्टी दिसते ती त्यांनी कशाचा त्याग केला यात. ज्यांनी पडदे रंगवून नाव मिळविले, त्यांनीच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला आणि ज्यात माणसे वावरू शकतील असे भरीव, त्रिमित नेपथ्य उभे केले. पडद्यावरचे खांब कसे काढतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कॅमेऱ्यापुढे किती खोटे दिसतात हेही प्रथम कळले. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरील 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात घेतली. चित्रकाराने छायाप्रकाशाचा विचार करावा आणि मेस्त्रीने त्याची सोय करावी, अशी ही श्रमविभागणी नव्हती. विचार आणि सोय एकाच डोक्यात होती.

या ऐक्याचे परिपक्व फळ म्हणजे 'सावकारी पाश' (१९२५). नारायण हरि आपटे यांच्या या कथेत सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. मंद प्रकाशातील एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे, या कथेच्या पुढील बोलपट आवृत्तीतील या दृश्याची आठवण जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे आवर्जून नोंदविली. येथे तंत्र अर्थात विरघळून गेले आहे. प्रेक्षकांनी मात्र या वास्तवाकडे पाठ फिरविली आणि बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक कथांकडे वळले. ज्या वाटेवर ते सर्वांच्या आधी पोहोचले होते ती त्यांनी सोडली, हा त्यांच्या कर्तृत्वातील उणेपणा गौरवाच्या भरात झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

आता या उपमेची दुसरी बाजू पाहू. लिओनार्दोची उड्डाणयंत्रे कागदावरच राहिली; परंतु त्याच्या टिपणवह्यांची हजारो पृष्ठे आज उपलब्ध आहेत. बाबूरावांचे यंत्र प्रत्यक्ष चालले. परंतु त्यांच्या मागे तशा वह्या नाहीत. 'सैरंध्री' नाही, मूक 'सावकारी पाश' नाही; त्या काळची नायट्रेटची फीत अल्पायुषी. मिलानच्या भिंतीवरील 'अंतिम भोजन' हे चित्र लिओनार्दोच्या हयातीतच झिजू लागले होते. पण तेथे वह्या बोलत राहिल्या. येथे बोलले ते शिष्य. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी १९२९ साली बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली; दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. कोल्हापूरच्या कर्मशाळेतील विद्या अशा रीतीने लिओनार्दोच्या देशी पोहोचली, पण शिष्यांच्या हातांतून, शब्दांतून नव्हे.

हाच मुद्दा साहित्याच्या उपासकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. आपण लिहिलेल्याचा सन्मान करतो. ज्यांनी लिहिले नाही त्यांना 'अष्टपैलू' म्हणून हार घालतो आणि पुढे जातो. लेखणी न धरणाऱ्या हातांतील ज्ञान मराठीत उतरविणे हेही वाङ्मयाचेच कार्य होय. शाळांतून चित्रकलेचा तास आणि हस्तव्यवसायाचा तास आपण निराळे ठेवतो. त्या दोहोंमधली भिंत बाबूरावांच्या घरात नव्हती.

त्या मुलाला आम्ही उत्तर दिले : ते मेस्त्री होते, म्हणूनच असे चित्रकार होऊ शकले. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांच्या हत्यारांचे चित्र काढून आणले. प्रत्येक हत्याराखाली त्याचे नाव मराठीत लिहिलेले होते.