'लुक्' आणि पाहणें

इंग्रजींतील 'लुक्' हा शब्द इतका साधा आहे कीं, त्यावर लेख लिहावयास बसलेल्या माणसाविषयीं वाचकांस शंकाच यावी. शाळेंत अगदीं आरंभीं जे शब्द मुलांच्या तोंडीं बसतात त्यांतला हा एक. आणि त्याचा अर्थ 'पाहणें' असें सांगून शिक्षक पुढील शब्दाकडे वळतात. आम्हीहि कित्येक वर्षें असेच वळत आलों. एका उत्तरपत्रिकेनें मात्र आम्हांस थांबविलें, आणि त्या थांबण्यांतून हा लेख निघाला आहे.

सोलापूर हें अनेक भाषांचें गांव. पूर्व भागांतल्या विणकरांच्या घरीं तेलुगु, बाजारांत कानडी आणि उर्दू, शाळेंत मराठी, अशा वातावरणांत वाढलेलीं मुलें आमच्यापुढें बसतात. भाषांतरासाठीं दिलेल्या एका उताऱ्यांत एवढाच प्रसंग होता कीं, एक गिऱ्हाईक दुकानांत येतें, पांघरूण पाहतें आणि कांहीं न घेतां निघून जातें. क्रियापद 'लुक्' हेंच. एका विणकराच्या मुलानें लिहिलें, 'गिऱ्हाइकानें चादर चाचपून पाहिली.' मुळांत हाताचा उल्लेख नाहीं, म्हणून आम्हीं 'चाचपून' हा शब्द तांबड्या शाईनें खोडला आणि एक गुण कापला. तो गुण योग्य कापला कीं अयोग्य, याचा निकाल लागावयाचा तर प्रथम 'लुक्'ची आणि मग पाहण्याची चौकशी केली पाहिजे.

इंग्रजी मनुष्य या एकाच क्रियापदाचा दोन्हीं बाजूंनीं उपयोग करतो. वैद्य रोग्याकडे 'लुक्' करतो, आणि रोगी अशक्त 'लुक्' करतो. जो पाहतो आणि जो दिसतो, त्या दोघांचें काम एकाच शब्दावर भागतें. मराठीस हें चालत नाहीं. पाहणें हें कर्त्याचें काम. दिसणें हा वस्तूचा धर्म. 'मला दिसलें' या रचनेंत तर पाहणारा चतुर्थींत जाऊन बसतो. दिसणें हें त्याच्या इच्छेबाहेरचें आहे, असें भाषेनें जणूं ठरवून टाकिलें आहे. 'पाहिलें, पण दिसलें नाहीं' या आपल्या नित्याच्या वाक्यांत यत्न आणि फल यांचा भेद किती स्वच्छ उतरला आहे! इंग्रजींत हा भेद नाहीं असें नव्हे. तेथें 'लुक्' हा यत्न आणि 'सी' ही त्याची सिद्धि. परंतु 'सी'चा कर्ता आपलें प्रथमेचें आसन सोडीत नाहीं. आमचें दिसणें मात्र पाहणारास नम्रपणें बाजूस सारतें.

'लुक्'चीं भावंडें पुष्कळ आहेत: 'गेझ्', 'स्टेअर', 'ग्लान्स', 'पीप्', 'ग्लेअर्' वगैरे. परीक्षेस बसणारे विद्यार्थी हे सारे शब्द 'पर्याय' म्हणून एका दमांत पाठ करतात. वस्तुतः 'स्टेअर'च्या मुळाशीं ताठरपणाची कल्पना आहे, तर 'ग्लान्स'च्या मुळाशीं घसरून निसटणाऱ्या आघाताची. एक दृष्टि खिळते, दुसरी टेकते न टेकते तोंच निघून जाते. त्यांना एकमेकींच्या जागीं बसविणें म्हणजे खिळा आणि वारा यांस एक मानणें होय.

मराठींतहि तसेंच आहे. आई निजलेल्या मुलास न्याहाळते, सराफ नाणें निरखतो, शेजारी दारांतून डोकावतो. यांची अदलाबदल करून पाहा. सराफ नाणें न्याहाळूं लागला तर त्याच्या मनांत लोभ शिरला असें वाटेल. आई मुलास निरखूं लागली तर मूल आजारी आहे कीं काय, अशी धास्ती वाटेल. डोकावण्यांत तर डोळ्यांच्या आधीं डोकेंच पुढें आलें आहे. टक लावणें, रोखून पाहणें, डोळे वटारणें, कटाक्ष टाकणें यांपैकीं प्रत्येकाचें घर निराळें आहे. भाषांतरकारांकडून येथें दोन प्रकारचे अपराध घडतात. कांहींच्या कादंबऱ्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व पात्रें नुसतीं 'पाहतात'. मग प्रेमी, पोलीस आणि सावकार यांच्या दृष्टींत भेद उरत नाहीं. दुसऱ्यांस पुनरुक्तीची इतकी भीति कीं, एका पानावर नायक निरखतो, न्याहाळतो, अवलोकितो आणि शेवटीं दृष्टिक्षेप करितो. त्या बिचाऱ्यानें मुळांत मात्र चारहि वेळां साधें पाहिलेलें असतें. आमच्या मतें दुसरा अपराध अधिक मोठा, कारण तो विद्वत्तेचा वेष घेऊन येतो.

याचा दोष कोशांवर टाकणें आम्हांस मान्य नाहीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ति १८५७ त. कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांतला. हे ग्रंथ आमच्या मेजावरून कधीं हललेले नाहींत. इंग्रजींत क्रॅबनें १८१६ सालीं समानार्थी शब्दांतील भेद उकलून दाखविण्यासाठीं ग्रंथ लिहिला. रोजे याच्या १८५२ च्या प्रसिद्ध संग्रहांत भेदाची चर्चा नाहीं, कल्पनांच्या वर्गवारीनें शब्द एकत्र मांडलेले आहेत. पुढें नांव झालें तें रोजेचें. लोकांस शब्द हवे असतात, त्यांतील भेद नको असतात. कोश शब्दांची रांग उभी करतो. त्यांतून एकाला हात धरून पुढें आणणें हें लेखकाचें काम आहे, आणि त्यास वाक्यांतील माणसें ओळखावीं लागतात.

आतां आमच्या 'पाहणें'कडे वळूं. हें क्रियापद डोळ्यांत कोंडून राहिलेलें नाहीं. आपण भाजी चाखून पाहतों, फूल हुंगून पाहतों, शब्द विचारून पाहतों, नशीब अजमावून पाहतों. येथें पाहणें म्हणजे अनुभवाची कसोटी लावणें. आणि गंमत ही कीं, आमच्या गांवच्या तीन भाषा या बाबतींत एकमुखी आहेत: मराठीचें 'करून पाहा', कानडीचें 'माडि नोडु' आणि तेलुगूचें 'चेसि चूडु' यांची घडण एकच आहे. इंग्रजी 'लुक्'ला हें काम येत नाहीं. आणखी एक नवल असें कीं, आपण ज्या 'पाहिजे' शब्दानें घडोघडी गरज सांगतों, तो पाहण्याचेंच जुनें कर्मणि रूप आहे. जें पाहिलें जावें, शोधलें जावें, तें हवेंसें झालें. संस्कृतांतील 'ईक्ष्' धातूनें तर मोठाच संसार मांडला: परीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा आणि आम्ही जिचा व्यवसाय करितों ती समीक्षा. परीक्षक आणि समीक्षक हे दोघेहि मुळांत पाहणारे होत, हें त्यांनीं विसरूं नये.

परंतु त्या उत्तरपत्रिकेच्या वेळीं आम्ही हें विसरलों होतों. पुढें एकदां चादरीच्या दुकानांत बसण्याचा प्रसंग आला. आलेलें प्रत्येक गिऱ्हाईक आधीं चादरीचा कोपरा बोटांत धरी, वीण चोळून पाही, वजन हातावर तोली आणि मग रंगाकडे वळे. दुकानदार तोंडानें म्हणत होता, 'बघा कीं, बघा!' आणि गिऱ्हाइकें हातांनीं बघत होतीं. त्या मुलानें लहानपणापासून हेंच पाहिलें असणार. चादर नुसत्या डोळ्यांनीं पाहतात हें त्याला ठाऊकच नव्हतें.

मग गुण द्यावयास हवा होता काय? येथें आम्ही सहज पाझरणार नाहीं. कांहीं न घेतां जाणारें गिऱ्हाईक केवळ दृष्टि टाकून गेलें, कीं हात लावून, मन करून, मग किंमत ऐकून गेलें, यावर त्या प्रसंगाचा अर्थ अवलंबून आहे. चाचपून गेलेल्या माणसाच्या जाण्यांत एक निराशा असते, ती मुळांत आहे कीं नाहीं हें पाहणें भाषांतरकाराचें कर्तव्य आहे. म्हणून 'चाचपून' हा शब्द कदाचित् अधिकच होता. पण तो अज्ञानानें आलेला नव्हता, जाणिवेनें आलेला होता. आणि आम्हीं तो 'लुक् म्हणजे पाहणें' या घोकलेल्या समीकरणाच्या जोरावर खोडला. आमची चूक खोडण्यांत नव्हती, न पाहतां खोडण्यांत होती. निकाल लागून गेला, मुलगाहि निघून गेला; तो गुण आमच्याकडेच राहिला आहे.

अलीकडे 'लुक' हा मराठींत नाम होऊन आला आहे. नटाचा नवा लुक, दिवाणखान्याचा नवा लुक, अशीं वाक्यें वृत्तपत्रांत रोज आढळतात. परक्या शब्दास आमचा विरोध नाहीं. 'नजर' अरबींतून आली आणि तिनें नजरकैद, नजरचूक असे उपयुक्त शब्द दिले. हा नवा पाहुणा मात्र रूप, वेष, ठेवण, ढब, डौल या पांच जणांस उठवून त्यांच्या पाटांवर एकटाच बसला आहे. नटाचा वेष बदलला कीं ढब बदलली, हें आतां वाचकास कळत नाहीं, आणि लिहिणारासहि कळण्याची गरज उरत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत पंढरपूर आहे. आषाढींत ज्यास विठ्ठलाच्या पायांपर्यंत पोंचतां येत नाहीं, तो दुरून मुखदर्शन घेतो. तेंहि न साधलें तर कळसाकडे पाहून हात जोडतो आणि दर्शन झालें म्हणून घरीं परततो. त्यानें मूर्ति पाहिली नाहीं, ती त्याला दिसलीहि नाहीं. तरी 'दर्शन झालें' हें त्याचें वाक्य खोटें आहे असें म्हणण्यास कोणता परीक्षक तांबडी शाई उचलील? आम्ही तरी आतां उचलणार नाहीं.