पडीक जमीन आणि पुरेशी किंमत

दलित साहित्याच्या चर्चेत अनुभवाचा प्रश्न वारंवार येतो. आमच्या लेखकाने वेशीबाहेरचे जगणे लिहिले, की प्रस्थापित समीक्षक त्यात कलात्मक अंतर शोधू लागतो. अनुभव खरा असेल, पण त्याचे साहित्य झाले का, असे तो विचारतो. हा वाद मी येथे पुन्हा उकरून काढणार नाही. मला एका अशा पुस्तकाविषयी लिहावयाचे आहे, की ज्यातला अनुभव सर्वस्वी बनावट होता, आणि तरीही त्यातल्या विचारावर पुढे एक कायदा झाला, एक वसाहत उभी राहिली आणि हजारो गरीब माणसे फुकट भाड्याच्या जहाजांतून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली. या पुस्तकाच्या अनुभवाचा दाखला त्या काळी कोणी मागितला असल्यास तो कायद्याला आड आला नाही.

पुस्तकाचे नाव ‘ए लेटर फ्रॉम सिडनी’. लेखक एडवर्ड गिबन वेकफिल्ड. साल 1829. पुस्तकातला ‘मी’ ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला जमीनदार आहे आणि तो तेथून मायदेशी पत्र लिहितो आहे. प्रत्यक्षात वेकफिल्डने सिडनी कधी पाहिलेच नव्हते. 15 वर्षांच्या एका श्रीमंत वारसदार मुलीला फसवून पळवून नेल्याबद्दल 1827 मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बसून त्याने हे पत्र लिहिले. पण लेखक तुरुंगात होता म्हणून मी त्याला झोडपीत नाही. तुरुंगात उत्तम साहित्य लिहिले गेले आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. कोठडीत बसलेल्या या माणसाला जेव्हा दुसऱ्याचा आवाज घ्यावासा वाटला, तेव्हा त्याने कैद्याचा घेतला नाही, मजुराचा घेतला नाही. त्याने मालकाचा आवाज घेतला.

या मालकाची तक्रार काय आहे? त्याच्याकडे हजारो एकर जमीन आहे, परंतु राबायला माणूस नाही. इंग्लंडहून खर्च करून आणलेला गडी थोड्याच दिवसांत काम सोडतो, कारण जमीन स्वस्त आहे आणि तोही मालक होऊ शकतो. ज्या देशात कष्टकऱ्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, तो देश या लेखकाला रानटी वाटतो. त्याच्या मते तेथे संस्कृती वाढत नाही, फुरसत नाही, विद्या नाही. म्हणजे संस्कृतीसाठी नोकर हवा. आमच्या वाचकाला ही विचारसरणी अनोळखी वाटू नये. आपल्याकडे ती धर्माच्या भाषेत सांगितली गेली, वेकफिल्डने ती अर्थशास्त्राच्या भाषेत सांगितली, एवढेच.

त्याचा उपाय मोठा चलाख आहे. सरकारने जमीन फुकट वा स्वस्त देऊ नये. तिला ‘पुरेशी किंमत’ लावावी. पुरेशी कशासाठी? मजुराला ती लगेच घेता येऊ नये, कित्येक वर्षे त्याने दुसऱ्याच्या शेतात राबावे, यासाठी. या विक्रीतून जो निधी जमेल त्यातून आणखी गरिबांना फुकट जहाजभाडे देऊन आणावे. ते तरुण असावेत, विवाहित असावेत, स्त्री-पुरुष सारख्या संख्येने असावेत. अशा रीतीने मालकाने जमिनीसाठी मोजलेल्या पैशातूनच त्याचा मजूर येतो. मजुराने पुढे कधी जमीन घेतली, तर त्याच्या पैशातून त्याच्या जागी दुसरा मजूर येतो. चक्र पूर्ण होते. यात कोठेही चाबूक नाही, बेडी नाही. फक्त एक दरपत्रक आहे.

मार्क्सने 1867 साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाचे शेवटचे प्रकरण याच विचाराला वाहिले, याचे कारण उघड आहे. वेकफिल्डने न कळत एक कबुली दिली होती. थॉमस पील नावाचा धनिक पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वान नदीच्या वसाहतीत 50,000 पौंडांचे साहित्य आणि मजूर घेऊन गेला. मजूर पांगले आणि त्याला अंथरूण घालायला, पाणी भरायलाही माणूस उरला नाही, ही हकिकत वेकफिल्डनेच सांगितली आहे. मार्क्सने तिच्यातले मर्म पकडले. नुसत्या पैशाने कोणी मालक होत नाही. समोरच्याला जमिनीवाचून ठेवावे लागते, तेव्हाच मालक तयार होतो. आम्ही यात एक भर घालू शकतो. गावगाड्याने हे काम जन्माच्या दाखल्यावर केले. वेकफिल्डला ते किमतीच्या आकड्यावर करावे लागले. दोन्हीकडे हात आणि जमीन यांची ताटातूट आधी करण्यात आली आणि मग त्या हाताला आळशी म्हणण्यात आले. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की तेथील मजूर काही वर्षांनी पैसे साठवून भिंत ओलांडू शकत होता. आमच्या वतनाला अशी मुदत नव्हती.

या विचारावर 1834 साली ब्रिटिश पार्लमेंटने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचा कायदा केला. जमिनीला किमान 12 शिलिंग एकरी दर ठरला. 35,000 पौंडांची जमीन आधी विकली जावी आणि 20,000 पौंड तारण ठेवले जावेत, मगच वसाहत सुरू व्हावी, अशी अट होती. कारभार दोघांत वाटला गेला. गव्हर्नर राजाचा, तर जमीन आणि स्थलांतर पाहणारा निवासी आयुक्त लंडनच्या वसाहत मंडळाचा. 28 डिसेंबर 1836 रोजी गव्हर्नर हिंडमार्शच्या नावे जाहीरनामा वाचला गेला आणि लवकरच तो व आयुक्त फिशर यांच्यात अधिकाराचे भांडण जुंपले. 1838 मध्ये हिंडमार्शला परत बोलावले. नंतर आलेल्या गॉलरकडे दोन्ही अधिकार दिले गेले. जमीन मोजून तयार नव्हती, खरेदीदार शहरातल्या भूखंडांच्या सट्ट्यात गुंतले होते आणि आलेले मजूर कामावाचून बसले होते. गॉलरने सरकारी बांधकामे काढली, खर्च हाताबाहेर गेला, लंडनने त्याच्या हुंड्या नाकारल्या. 1841 मध्ये तोही गेला, ग्रे आला आणि त्याने खर्चाला कात्री लावली. 1842 मध्ये मंडळच मोडीत निघाले. कागदावर बसवलेला मालक आणि मजूर यांचा हिशेब पाच-सहा वर्षांत उधळला. परंतु कल्पना मेली नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वसाहतींसाठी झालेल्या कायद्याने एकरी एक पौंड किमान दर ठरवला आणि विक्रीचे निम्मे उत्पन्न स्थलांतरासाठी राखून ठेवले.

आता त्या 1834 च्या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द पाहू. ज्या भूमीवर वसाहत व्हावयाची, तिला कायद्याने ‘पडीक व बिनवहिवाटीची’ म्हटले. आज जेथे ॲडलेड शहर आहे, त्या मैदानावर कौर्ना लोक राहत होते. 1836 च्या राजपत्रात मूळ रहिवाशांच्या प्रत्यक्ष वहिवाटीतील जमिनीचा हक्क राखल्याचे एक कलम घातले गेले. ते कागदावरच राहिले, कारण ज्यावर नांगर फिरलेला नाही ती वहिवाट नव्हेच, असे मानले गेले. 1840 मध्ये टायशेलमान आणि शूरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी कौर्ना भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. त्यात ‘पांगकारा’ हा शब्द आहे. बापाकडून मुलाला वारसाने येणारा जमिनीचा प्रदेश, असा त्याचा अर्थ त्यांनी नोंदवला. ज्या भूमीला कायदा बिनवहिवाटीची म्हणत होता, तिथल्या भाषेत मालकीला शब्द होता! एका बाजूला तुरुंगातला बनावट ‘मी’, दुसऱ्या बाजूला हा एक खरा शब्द. राज्यकर्त्यांनी कोणाचे ऐकले हे सांगण्याची गरज नाही. 2018 साली न्यायालयाने कौर्नांचा जमिनीवरील मूळ हक्क मान्य केला, तोही काही मर्यादित तुकड्यांपुरता.

1834 हे साल मला अस्वस्थ करते. इंग्लंडच्या गरिबाला भाकरीसाठी वर्कहाऊसमध्ये ढकलणारा नवा दारिद्र्य कायदा याच वर्षीचा. साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला तोही याच वर्षी. आणि याच वर्षी 2 नोव्हेंबरला ‘ॲटलस’ जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन मॉरिशसला लागले. महिना पाच रुपये आणि पाच वर्षांचा करार. पुढे मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसेही त्याच वाटेने गेली. त्यांची लेकरेबाळे आजही मॉरिशसमध्ये मराठी नाव सांगतात. गोऱ्या गरिबासाठी किमतीची भिंत, काळ्या गरिबासाठी कराराची दोरी. दोन्ही ठिकाणी जहाजाचे भाडे देणाऱ्याची नजर माणसावर नव्हती, त्याच्या हातांवर होती.

यावर कोणी म्हणेल की सरकारी मदतीमुळे गरिबाला नवी भूमी मिळाली, हे तुम्ही का विसरता? मी विसरत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात कैदी पाठवले गेले नाहीत आणि तेथे गेलेले अनेक मजूर पुढे शेतकरी झाले. 1869 मध्ये तर जमीन उधारीवर देण्याचा कायदा तेथे करावा लागला. पण हे घडले ते पुरेशा किमतीची भिंत खचत गेली म्हणून, वेकफिल्डच्या कृपेने नव्हे. शिवाय या शेतकऱ्याचा नांगर जेथे फिरला तो कोणाचा पांगकारा होता, हा प्रश्न त्याच्या यशाने मिटत नाही.

मग सरकारी मदतीने वसाहत करणे ही गोष्टच वाईट आहे काय? येथे मला बाबासाहेबांच्या 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनाकडे वळावे लागते. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती व्हाव्यात, सरकारच्या ताब्यातील लागवडीखाली नसलेली जमीन एका वसाहत आयोगाकडे सोपवावी, आणि या कामासाठी केंद्राने दरवर्षी पाच कोटी रुपये वेगळे काढावेत, अशी मागणी त्यात आहे. शेती राज्याच्या मालकीची व्हावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, हेही त्यात आहे. साधने तीच आहेत. आयोग आहे, सरकारी जमीन आहे, निधी आहे, स्थलांतर आहे. हेतू मात्र उलटा आहे. वेकफिल्डला माणूस गावाहून उचलायचा होता, तो मालकाच्या दारात उभा राहावा म्हणून. बाबासाहेबांना तो उचलायचा होता, त्याला मालकाच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून. राज्यघटनेत ही मागणी आली नाही. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच अपुऱ्या हिशेबासाठी.

आणि म्हणूनच आमच्यावरही एक जबाबदारी येते. सातबाऱ्यावर ‘पड’ किंवा ‘गायरान’ लिहिले, की ती जमीन कोणाचीच नाही असे समजू नये. तेथे कोणा आदिवासीचा मोह असेल, कोणा धनगराची मेंढरे असतील, कोणा पारध्याचे पाल असेल. त्याला उठवून आमचा माणूस बसवणे ही वेकफिल्डचीच वसाहत होईल. ज्याने गायरान कसून पोट भरले त्या दलिताला कचेरी अतिक्रमणदार म्हणते. असा शब्द अंगावर घेतलेल्यांनी दुसऱ्याच्या अंगावर तो टाकू नये.

सरकारी अहवाल, कायदे, योजना हेही वाङ्मयच आहे आणि आपण त्याची समीक्षा केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी नवे सौंदर्यशास्त्र नको. तीन प्रश्न पुरेत. यात ‘मी’ म्हणून कोण बोलतो? ज्याच्याविषयी बोलतो त्याला जमीन मिळणार की फक्त काम? आणि जिला पडीक म्हटले आहे, तिच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या भाषेत एखादा शब्द आहे काय?