हेंड्रिक्सची साथीची वर्षं

मंडळी, जिमी हेंड्रिक्सची गोष्ट लंडनपासून सुरू करायची सवय आम्हालाही होती. १९६६ साली ‘अ‍ॅनिमल्स’चा बेसवादक चॅस चँडलर त्याला न्यूयॉर्कहून लंडनला नेतो आणि एक प्रतिभावंत ‘सापडतो’. आता ही मांडणी आम्हाला पटत नाही. सापडायला तो हरवला कुठं होता?

सिएटलला १९४२ साली जन्मलेला हा डावखुरा मुलगा उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवायचा. १९६२ मध्ये सैन्यातून सुटल्यावर चारेक वर्षं त्यानं मुख्यतः साथ केली. आयस्ली ब्रदर्सची केली, लिटल रिचर्डची केली. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या क्लबांतून फिरायचं, मागं उभं राहायचं, गायकाला सांभाळायचं. ही वर्षं उमेदवारी म्हणून उरकली जातात, आणि घोटाळा तिथंच होतो.

१९६७ च्या ‘लिटल विंग’ची सुरुवात ऐका. अंगठा गिटारच्या मानेवरून येऊन खर्जाची तार दाबतो, मोकळ्या राहिलेल्या बोटांतून सुरावटीचे तुकडे निघतात. साथ कुठं संपली आणि मुख्य वादन कुठं सुरू झालं, सांगता येत नाही. कर्टिस मेफील्डचा संस्कार त्यात स्पष्ट आहे. हे लंडननं शिकवलेलं नाही. लंडननं त्याला पुढं उभं केलं. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

माँटेरेला त्यानं गिटार पेटवली, ते दृश्य तुम्ही पाहिलंच असेल. (आमच्या विद्यार्थ्यांना तेवढंच आठवायचं!) ते आज लावणार नाही. ‘लिटल विंग’चं पहिलं अर्धं मिनिट लावतो, फक्त अंगठ्याकडं कान ठेवा.