भिंतीतला नट

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकात काम करतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: नाना फडणवीस की घाशीराम? भिंतीत आहे, म्हणजे बामणांच्या ओळीत, असं सांगितलं की समोरचा विषय बदलतो. या दोन्ही भूमिका झकास आहेत, वादच नाही. डॉ. मोहन आगाशे यांच्या नानाची लय आजही नटांच्या गप्पांत निघते. पण तेंडुलकरांनी प्रेक्षकाला कुठे पकडलंय, ते भिंतीत उभं राहिल्यावरच उमगतं.

पुण्यातले बामण एका ओळीत उभे राहून डुलतात, गातात. सूत्रधाराने हटकलं की कीर्तनाला निघाल्याची थाप मारतात आणि कलावंतिणींच्या बावनखणीची वाट धरतात. मग हीच ओळ पाठ फिरवते आणि आड उभी राहते. क्षणात तिची बाग होते आणि त्या बागेत नाना एका पोरीच्या मागे लागतो. १९७२च्या डिसेंबरात पुण्यात नाटक उभं राहिलं, तेव्हा नेपथ्याची निम्मी जबाबदारी दिग्दर्शक जब्बार पटेलांनी अशी नटांच्या अंगावरच टाकली होती. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं त्या अंगांत अशा भिनतात, की डोकं बाजूला राहतं आणि पाय चालू लागतात.

गोम इथंच आहे. पाठमोऱ्या नटाला मागचं काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. पोरीची धावपळ, नानाचं लाडीगोडीचं बोलणं. आणि आपण तालात असतो! शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागलेला, सूर जुळलेला. मजा येत असते. ही मजा खोटी काढावी लागत नाही, हेच भयंकर. अत्याचाराला आडोसा देणारी माणसं दुष्ट असावी लागत नाहीत, ठेक्यात असली की पुरतं. सभागृहातही पाय हलत असतातच.

हे नाटक बसवणारे काही जण शेवटी, घाशीरामाला जमावाने ठेचल्यावर, भिंतीला गंभीर करतात. माना खाली, पावलं जड. मला ते मुळीच पटत नाही. नाना उत्सवाचं फर्मान सोडतो, तेव्हा बामणांनी पहिल्या प्रवेशातल्याच उत्साहाने नाचायला हवं. त्यांना पश्चात्ताप झाला, तर प्रेक्षक सुटला.